उत्सव आणि शेजारधर्म

उत्सवाच्या संबंधात कर्तव्याकर्तव्याचा प्रश्न कोणी उपस्थित केला की पुष्कळ सज्जनांच्या कपाळाला आठी पडते. देवाचे कार्य आहे, चार माणसे एकत्र जमली आहेत, मुलेबाळे हौसेने गात-नाचत आहेत. ह्यात विचार करण्यासारखे काय आहे, असे ते विचारतात. त्यांचे म्हणणे सर्वस्वी चुकीचे आहे असे आम्ही म्हणणार नाही. आनंदाचा पदोपदी हिशेब मागणारा मनुष्य समाजाला नकोसा होतो, आणि ते योग्यच आहे. तथापि एक गोष्ट आम्हांला अनुभवाने कळून आली आहे. आपण काही चांगले करीत आहोत अशी ज्या वेळी आपली पक्की खात्री असते, नेमक्या त्याच वेळी आपल्यापासून दुसऱ्याला होणारा उपद्रव आपल्या ध्यानात येत नाही. वाईट काम करणारा निदान इकडेतिकडे पाहून ते करतो. चांगले काम करणाऱ्याला तशी गरजच वाटत नाही.

म्हणून आज वाचकांपुढे आम्ही एक साधा प्रश्न ठेवीत आहोत. शेजारीपाजारी मिळून जो उत्सव करतात, मुलांच्या स्पर्धा, भजने, हळदीकुंकू, नाटुकली असे जे करमणुकीचे कार्यक्रम ठरवितात, तो उत्सव कोणाचा? ज्याने वर्गणी दिली त्याचा? ज्याने राबून मांडव उभा केला त्याचा? जो समोर बसून पाहतो त्याचा? की ह्यांपैकी काहीच ज्याला करता येत नाही, त्याचाही?

हा प्रश्न आमच्या मनात आला तो एखादा ग्रंथ वाचताना नव्हे, तर सुरतेच्या नवागामात. शहराच्या आग्नेय अंगाला, उधना आणि डिंडोली ह्यांच्या शेजारी ही वस्ती आहे. उधन्याहून ताप्ती खोऱ्यातली रेल्वे फुटते आणि बारडोली, व्यारा, नंदुरबार, अमळनेर करीत जळगावकडे जाते. ह्या एका रुळवाटेने खानदेश आणि सुरत ह्यांना असे जोडले आहे की धुळे, नंदुरबार आणि जळगाव ह्या जिल्ह्यांतील हजारो कुटुंबे पोटासाठी इकडे आली आणि इकडचीच झाली. इतिहासाच्या पुस्तकांत मराठी माणूस सुरतेला येतो तो १६६४ आणि १६७० साली, घोड्यावर बसून. आज तो येथे यंत्रमागापाशी उभा आहे, कापडाच्या बाजारात गठ्ठे वाहतो आहे, शिलाईयंत्रावर वाकला आहे, रिक्षा चालवितो आहे. नवागाम-डिंडोलीच्या सोसायट्यांतून फिरताना कानांवर अहिराणी पडते. दुकानांच्या पाट्यांवर आडनावे खानदेशची दिसतात. सुरतेची नगर प्राथमिक शिक्षण समिती सात माध्यमांतून शाळा चालविते, आणि त्यांत मराठी आहे, ओडिया आहे, तेलुगूही आहे. एका शहरात किती मुलखांची माणसे नांदतात ह्याचा ह्याहून निराळा दाखला नको.

अशा ठिकाणी शेजार हा आपोआप मिळत नाही. गावाकडे शेजारी म्हणजे ज्याच्या आजोबाला आपल्या आजोबाने पाहिलेले असते. येथे भिंतीपलीकडचा मनुष्य कालपरवा आलेला, उद्या दुसरीकडे स्वस्त खोली मिळाली तर जाणारा; त्याची भाषा निराळी, त्याचा देव निराळा, त्याच्या कामाची वेळ निराळी. त्याला शेजारी करावयाचे तर काहीतरी निमित्त लागते, आणि ते निमित्त उत्सव पुरवितो. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशी घरांत कानबाई बसते. नारळाच्या रूपाने तिची स्थापना होते, तिला नथ, दागिने, वस्त्र चढते, रात्रभर जागरण होते आणि सोमवारी वाजतगाजत तिचे विसर्जन होते. तिचे रोट हा कुळाचा, भाऊबंदांचा नैवेद्य. पण तिची गाणी आणि तिची मिरवणूक साऱ्या गल्लीची. भाद्रपदात गणपती येतात. नवरात्रात गुजराती शेजारणींबरोबर आमच्या सुना-लेकी गरबा खेळतात. दिवाळीनंतर उत्तरेकडील कुटुंबे छठपूजेला निघतात, तेव्हा त्यांच्या टोपल्यांना वाट करून देण्यात मराठी पोरे पुढे असतात.

ह्या गोष्टींना कोणी फुकटची चैन म्हणेल, तर ते आम्हांला मान्य नाही. सप्टेंबर १९९४ मध्ये प्लेगच्या भीतीने लाखो माणसे सुरत सोडून निघाली. ऑगस्ट २००६ मध्ये तापीच्या महापुराने शहराचा फार मोठा भाग पाण्याखाली गेला. अशा वेळी मागे राहिलेल्या म्हाताऱ्याला पाणी कोण देतो, वरच्या मजल्यावर कोणाच्या घरात आसरा मिळतो? नाव ठाऊक असलेला मनुष्यच हाक मारू शकतो. आणि नाव ठाऊक होते ते बहुधा आरतीच्या रांगेत, संगीतखुर्चीच्या खेळात किंवा प्रसादाच्या पंगतीत. लोकमान्य टिळकांनी १८९३-९४ च्या सुमारास घरातल्या गणपतीला चव्हाट्यावर आणण्याच्या चळवळीला बळ दिले, आणि पुढे १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त लोकसंग्रहाच्या कल्पनेचा विस्ताराने ऊहापोह केला. ह्या दोन गोष्टी एकाच मनुष्याच्या हातून व्हाव्यात हा आम्ही योगायोग मानीत नाही. लोकांना एकत्र धरून ठेवणे हे कर्म आहे, आणि करमणूक हे त्या कर्माचे एक साधन आहे.

एवढे मान्य केल्यावर आता तो प्रसंग सांगतो.

काही वर्षांपूर्वी नवागामातील एका सोसायटीच्या गणेशोत्सवात मुलांच्या समूहनृत्याच्या स्पर्धेसाठी आम्हांला परीक्षक म्हणून बोलाविले होते. उत्सवाचा चौथा दिवस, दुपारी दोनची वेळ. मांडव रस्त्याच्या तोंडाशी, आणि दोन्ही बाजूंना भिंतीला भिंत लागून घरे. मुले नटूनथटून आली होती, आया पदर सावरीत पुढच्या रांगेत बसल्या होत्या, आणि दोन मोठे स्पीकर असे गर्जत होते की समोरच्या टेबलावरील पेला हलत होता. तिसरे नृत्य चालू असताना समोरच्या घराच्या वरच्या खोलीतून एक मध्यमवयीन गृहस्थ खाली आला. अंगात बनियन, डोळे लाल. हात जोडून तो कार्यकर्त्यांना म्हणाला, “भाऊ, रातपाळी करीसन उनू. थोडा आवाज कमी करा.”

एक तरुण कार्यकर्ता हसतच म्हणाला, “काका, वर्षातून दहा तर दिवस असतात.” दुसऱ्याने विचारले, “वर्गणी तरी दिली आहे का तुम्ही?” तो गृहस्थ क्षणभर उभा राहिला, मांडवातल्या मूर्तीकडे पाहून त्याने नमस्कार केला आणि काही न बोलता वर निघून गेला. आवाज कमी झाला नाही. आम्ही परीक्षकाच्या खुर्चीवर बसलो होतो. आमचा शब्द त्या वेळी कोणी मोडला नसता. पण पाहुण्याने यजमानांच्या कारभारात का पडावे, मुलांचा विरस का करावा, असा विचार करून आम्ही गप्प राहिलो आणि गुणपत्रिकेवर आकडे लिहीत बसलो. त्या दिवशी कोणाला किती गुण दिले ते आज आठवत नाही. तो नमस्कार मात्र आठवतो.

हा गृहस्थ तक्रारखोर नव्हता. सुरतेचे यंत्रमाग दिवसरात्र चालतात आणि त्यांवर बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या असतात. मजुरी बहुतेक ठिकाणी विणलेल्या मीटरवर मिळते. शेडमध्ये आवाज असा असतो की शेजारी उभ्या असलेल्याशी ओरडून बोलावे लागते. एक मनुष्य अनेक मागांवर नजर ठेवून रात्रभर उभा असतो. तुटलेला धागा दिसला नाही तर कापड बिघडते आणि मजुरी कापली जाते, डुलकी लागली तर बोटांना धोका असतो. सकाळी तो घरी येतो, आंघोळ करतो, चार घास खातो आणि निजतो, तेव्हा सगळ्या गल्लीला दिवस उजाडलेला असतो. त्याची रात्र आपल्या दिवसात असते. दहा दिवस त्याला झोप मिळाली नाही तर आपल्या दृष्टीने ते दहाच दिवस. त्याच्या दृष्टीने त्या दहा रात्री त्याला मागांपुढे काढावयाच्या असतात.

कायद्याने ह्याची सोय केली असेल असे वाचकांना वाटेल. ध्वनिप्रदूषणाविषयी २००० सालचे नियम आहेत, आणि सर्वोच्च न्यायालयाचा २००५ सालचा निर्णयही आहे. रात्री दहापासून सकाळी सहापर्यंत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावू नये. सणासुदीसाठी वर्षातले फार तर पंधरा दिवस राज्य सरकारने मध्यरात्रीपर्यंत सवलत द्यावी. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल असावी, असे हे नियम सांगतात. त्यांच्या मुळाशी माणसाच्या झोपेची काळजी आहे, आणि ती स्तुत्य आहे. परंतु ही काळजी रात्री झोपणाऱ्या माणसाची आहे. जो रात्री आपल्यासाठी कापड विणतो, रुग्णालयात जागतो, गाडी हाकतो किंवा पहारा करतो, त्याच्यासाठी घड्याळ उलटे फिरविणे कायद्याला शक्य नाही. दिवसाची मर्यादा कागदावर आहे. पण दुपारी दोनला डेसिबल मोजण्यास कोण येणार? कायद्याचे हात जेथे पोचत नाहीत, तेथपासून पुढे जे उरते त्यालाच आपले पूर्वज शेजारधर्म म्हणत आले.

त्या तरुणांची बाजूही आम्ही मांडली पाहिजे, कारण ती पोकळ नाही. पहिली गोष्ट, आनंद मोजूनमापून होत नाही. हळू आवाजात नाचा असे मुलांना सांगणे म्हणजे नाचू नका असे सांगण्यासारखे आहे. दुसरी गोष्ट अधिक खोल आहे. परमुलखात आलेल्या माणसाला आपण येथे आहोत हे कोठेतरी मोठ्याने सांगावेसे वाटते. कारखान्यात त्याला कोणी नावाने ओळखत नाही, कचेरीत त्याची भाषा चालत नाही. वर्षातून दहा दिवस त्याच्या ढोलाचा आवाज चार गल्ल्या ओलांडून जातो, तेव्हा त्याला आपणही कोणी आहोत असे वाटते. ह्या भावनेला हसणारा मनुष्य कधी परक्या गावात भाड्याच्या खोलीत राहिलेला नसावा. तिसरी गोष्ट संख्येची. मांडवात तीनशे माणसे सुखी आहेत आणि वरच्या खोलीत एक दुःखी आहे. तीनशेंनी एकासाठी का थांबावे?

ह्या तिसऱ्या युक्तिवादाने आमचे समाधान होत नाही. बाजारात भाव ठरवावयाचा असेल किंवा सभेत मत घ्यावयाचे असेल तर मोजदाद ठीक आहे. पण उत्सव हा काही तीनशे जणांच्या सुखांची बेरीज करण्याचा व्यवहार नव्हे. बेरीजच करावयाची असती तर प्रत्येकाने आपापल्या घरात गाणे लावले असते. आपण मांडव घालतो, एक मूर्ती बसवितो आणि हा सर्वांचा गणपती म्हणतो, तेव्हा ‘सर्व’ हा शब्द आपण उच्चारलेला असतो. एकाला वगळले की तो शब्द खोटा पडतो. मग उरलेले तीनशे असोत की तीन हजार. आणि गंमत अशी की ज्या दुसऱ्या युक्तिवादाने त्या तरुणांना बळ मिळते, तोच येथे त्यांच्याविरुद्ध जातो. ज्याला कोणी ओळखत नाही त्याला ओळख मिळावी म्हणून उत्सव आहे म्हणता. मग त्या गल्लीत ओळखीवाचून राहिलेला मनुष्य कोण होता? दिवसा निजणारा आणि रात्री कामावर जाणारा तोच ना? दुपारचे कार्यक्रम त्याची झोप घेतात आणि संध्याकाळचे कार्यक्रम तो निघून गेल्यावर सुरू होतात. त्याला उत्सवातून मिळतो तो फक्त आवाज.

वर्गणीच्या प्रश्नाविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत. त्या गृहस्थाने वर्गणी दिली होती की नव्हती हे आम्ही नंतर विचारले नाही, आणि विचारण्यात काही अर्थ होता असे आम्हांला आज वाटत नाही. पावतीपुस्तकाने उत्सवाचा खर्च निघतो. उत्सवातील वाटा पावतीपुस्तकाने ठरू लागला की त्या दिवसापासून तो तिकीट लावलेला खेळ होतो. घरातली रीत आपण सारे जाणतो. कोणी कामावरून उशिरा येणार असेल तर त्याचे ताट वाढून झाकून ठेवतात. त्या दिवशी त्याने बाजारातून भाजी आणली होती काय, असे कोणी विचारीत नाही. तो पंगतीला नव्हता म्हणून त्याचा वाटा इतरांनी खाऊन टाकावा, असे तर कोणाच्या मनातही येत नाही. यज्ञातून इतरांचे भाग काढून उरलेले खाणारा निर्दोष राहतो आणि जो केवळ स्वतःसाठी शिजवितो तो पाप खातो, असे गीतेचे म्हणणे आहे. त्याचा अर्थ आमच्या मते असा की आनंदसुद्धा शिजविताना न आलेल्याचे ताट आधी बाजूला काढावे. रातपाळीच्या माणसाचे झाकलेले ताट म्हणजे त्याची झोप. ती त्याला देणे हे त्याच्यावरचे उपकार नव्हेत. ते त्याला उत्सवातला त्याचा भाग वाढणे आहे.

झोपलेला मनुष्य उत्सवात सहभागी कसा, असे कोणी म्हणेल. ह्याचे उत्तर आपल्या भजनाच्या परंपरेतच आहे, आणि आमच्या गोमंतकीय वाचकांना ते समजावून सांगावे लागणार नाही. नवागामात कानबाई बसते त्याच सुमारास, नागपंचमी होताच, वास्कोला श्रीदामोदराचा भजनी सप्ताह सुरू होतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गावात साथ पसरली असता लोकांनी जांबावलीच्या दामोदराला शरण जाऊन प्रसादाचा नारळ आणला आणि त्यातून हा सप्ताह सुरू झाला, असे परंपरा सांगते. तेथेही देव नारळाच्या रूपाने बसतो, हे साम्य लक्षात घेण्यासारखे आहे. नाव सप्ताह असले तरी भजन चोवीस तासांचे असते, आणि निरनिराळ्या व्यवसायांच्या लोकांचे पार वाजतगाजत देवाकडे येतात. चोवीस तास भजन खंडत नाही ते कशामुळे? एकच मनुष्य चोवीस तास गातो म्हणून नव्हे. एक मेळ उठतो, दुसरा बसतो. पहिला विसावा घेतो, दुसरा गातो.

खानदेशात आणि साऱ्या महाराष्ट्रात अखंड हरिनाम सप्ताह होतात त्यांची रीतही हीच. सात दिवस वीणा खाली ठेवावयाची नाही, असा नेम असतो. विणेकरी पाळीपाळीने पहारा करतात. रात्री दोन वाजता ज्याच्या गळ्यात वीणा असते तो दुपारी दोन वाजता निजलेला असतो. आता त्या निजलेल्या विणेकऱ्याला सप्ताहाबाहेरचा कोण म्हणेल? त्याने झोप घेतली नाही तर रात्रीचा पहारा तुटेल आणि अखंड म्हटलेले नाम खंडित होईल. म्हणून मंडपाच्या मागच्या बाजूला निजलेल्या पहारेकऱ्याजवळून लोक पाय न वाजविता जातात. त्याची झोप हा सप्ताहाचाच भाग आहे, हे तेथे लहान मुलालाही कळते.

यंत्रमागाच्या पाळीला आम्ही देवाचे भजन म्हणत नाही. कोणत्याही कारखान्यातील कष्टाला पावित्र्याचे नाव देऊन त्यातील अन्याय झाकणे आम्हांला पसंत नाही. बारा तासांची पाळी ही माणसाला शोभणारी गोष्ट नाही, आणि ती कमी झाली पाहिजे. पण गल्लीकडे पाहताना सप्ताहाची दृष्टी उपयोगी पडते. गल्लीचा संसारही अखंड चालू असतो. कोणी दिवसा राबतो, कोणी रात्री. एकाने अंग टाकले की दुसरा उभा राहतो. आपल्या मांडवावर जे कापड लागले आहे ते कोणीतरी रात्री जागून विणलेले असते. तेव्हा दिवसा निजलेला शेजारी हा आपल्या उत्सवाच्या आड येणारा मनुष्य नव्हे. तो आपला पहारा संपवून विसावलेला विणेकरी आहे.

त्या सोसायटीत पुढे काय झाले हे सांगितले पाहिजे. त्याचे श्रेय आमच्याकडे येत नाही. पुढल्या वर्षी उत्सवापूर्वीच्या बैठकीत एक वृद्ध बाई बोलल्या. त्यांचा मुलगाही रातपाळीला जाणारा होता. त्या म्हणाल्या, “घरात रातपाळीचा माणूस निजला असला तर आम्ही भांडंसुद्धा हळू ठेवतो. मग गल्ली काय परकी आहे?” ह्यावर बराच वेळ कोणी काही बोलले नाही. मग हळूहळू गोष्टी ठरल्या. दुपारी रांगोळी, चित्रे, कॅरम, बुद्धिबळ, पाककृती अशा स्पर्धा घ्याव्यात आणि स्पीकर लावू नये. गाणी व नृत्ये संध्याकाळी घेऊन दहाच्या आत संपवावीत. सुट्टीच्या दिवशी रातपाळीवाल्यांचे भजन ठेवावे. सगळ्यांत चांगली गोष्ट सकाळच्या आरतीची झाली. पाळी बदलते त्या वेळेला जोडून ती ठेवली गेली. रात्रीचे लोक परत येत असतात आणि दिवसाचे निघत असतात. एकाच गल्लीत राहून वर्षभर एकमेकांचे तोंड न पाहणारी ही माणसे त्या आरतीला दहा-पंधरा मिनिटे शेजारी शेजारी उभी राहू लागली.

ह्या बदलाने सर्व काही गोड झाले असे लिहिणे खरेपणाचे होणार नाही. काही तरुण रुसले आणि जवळच्या दुसऱ्या मंडळात जाऊन नाचू लागले. तुमचा गणपती मुका आहे काय, असे टोमणे ऐकावे लागले. जो मनुष्य त्या दुपारी हात जोडून खाली आला होता त्याची चौकशी आम्ही केली, तेव्हा तो खोली सोडून दुसरीकडे राहावयास गेल्याचे कळले. त्या आरतीत तो नव्हता. आमच्या गप्प बसण्याची फेड त्याच्यापाशी करण्याची संधी आम्हांला मिळाली नाही, आणि आता मिळेलसे वाटत नाही. अशा वेळी मनुष्य एवढेच करू शकतो की जे देणे एकाला राहिले ते तशाच दुसऱ्याला द्यावे.

नवागामची हकीकत आपल्या देवस्थानांपासून दूरची आहे, असे वाचकांनी समजू नये. जत्रा, पालखी, काला, देवळाच्या मंडपात होणारी नाटके, अन्नसंतर्पण ह्यांत आपण वाढलो. ह्या उत्सवांचा अभिमान बाळगताना आपण कधी भोवती पाहतो काय? देवळाशेजारच्या घरात आजारी मनुष्य असतो, बाळंतीण असते, परीक्षेला बसणारे मूल असते. स्वयंपाकघरात सकाळपासून चुलीपुढे बसलेली माणसे असतात, ज्यांना पालखीचे दर्शन शेवटपर्यंत घडत नाही. देणगीदारांच्या फलकावर ज्यांचे नाव कधी येणार नाही असे लोक मागच्या दाराशी उभे असतात. उत्सवाची बैठक भरते तेव्हा खर्चाचा अंदाज होतो, गायक ठरतो, फुलांची आरास ठरते. त्याच बैठकीत आणखी एक प्रश्न विचारला जावा अशी आमची विनंती आहे: ह्या उत्सवात कोणाला येता येणार नाही, आणि त्याचे ताट आपण कसे झाकून ठेवणार आहोत?

उत्तर दर ठिकाणी निराळे येईल. कोठे आवाज कमी करावा लागेल, कोठे आरतीची वेळ बदलावी लागेल, कोठे प्रसाद घरी पोचवावा लागेल, तर कोठे स्वयंपाकघरातील मंडळींना काही वेळ उठवून आधी दर्शनाला पाठवावे लागेल. ह्यात पैसा फारसा लागत नाही. आपल्या हौसेतला थोडा भाग सोडावा लागतो, आणि तेच जड जाते. परंतु देवापुढे आपण जे काही अर्पण करतो त्यात शेजाऱ्यासाठी सोडलेला हा भाग उणा ठरेल, असे आम्हांला वाटत नाही. उत्सव कोणाचा, ह्या प्रश्नाला आम्हांला सापडलेले उत्तर एवढेच आहे: ज्यांची आठवण ठेवून तो केला, त्या सर्वांचा, जागणाऱ्यांचा आणि निजलेल्यांचाही.